चाळीस ताटांचं पार्सल आणि चहाचे पैसे: कोकणात नव्यानं आलेल्यांसाठी

बदली होऊन मालवणात आलो त्या पहिल्याच वर्षी मुलीचं बारसं घरी केलं. पस्तीस माणसांचं जेवण बाजारातल्या एका हॉटेलातून पार्सल आणलं. बिल ८,७५० रुपये झालं. मी क्यूआर कोडवर ९,२५० टाकले आणि गल्ल्यावर सांगितलं, "वरचे पाचशे मुलांना द्या." मालकांनी मोबाइलमधून मान वर न काढता "हो हो" केलं. मी खूश होऊन घरी आलो.

तीन आठवड्यांनी तिथंच चहा प्यायला गेलो तेव्हा पार्सल बांधणारा मुलगा टेबल पुसत होता. मला ओळखून हसला. म्हणाला, "साहेब, त्या दिवशी तुमचे वडे बांधून बांधून रात्री मनगट धरलं होतं." मी सहज विचारलं, "पैसे मिळाले ना?" त्याचा चेहरा कोरा. "कसले पैसे?"

तेव्हापासून नऊ वर्षं झाली. आता नवीन बदली होऊन आलेले, होमस्टे चालवायला घेतलेले, गावचं घर दुरुस्त करून परत राहायला आलेले लोक मला हमखास विचारतात: एवढं मोठं पार्सल नेतोय, टिप द्यायची का? बसून तर खाल्लं नाही, कुणी वाढलंही नाही, मग कशाची?

माझं उत्तर असं. पगारी माणसं राबली असतील तर जरूर द्या, आणि त्यांच्याच हातात द्या. घरचीच माणसं राबली असतील तर पैसे देऊ नका, दुसरं काहीतरी द्या. बाकी सगळं तपशिलाचं काम, ते खाली सांगतो.

पहिली पायरी: चूल कुणाची ते बघा

किनाऱ्यावरची जेवणाची ठिकाणं बाहेरून सारखीच दिसतात. पत्र्याची शेड, प्लास्टिकच्या खुर्च्या, दारातल्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं 'आज: सुरमई, बांगडा, कोळंबी'. पण आत गेलं की तीन निरनिराळे संसार असतात.

एक म्हणजे पगारी माणसांचं हॉटेल. आचारी बाहेरगावचा, कधी परराज्यातला, वाढायला दोघं-तिघं, भांडी घासायला एखादी मावशी. मुलं हॉटेलच्याच माळ्यावर झोपतात. दुसरी घरगुती खानावळ: सासू वाटप काढते, सून वडे थापते, नवरा पहाटे बंदरावरून मासळी आणतो आणि दुपारी गल्ल्यावर बसतो. तिसरा बचत गट. तिथं बायका मिळून करतात आणि मिळालेलं वाटून घेतात.

कुठलं काय हे कळायला अवघड नाही. ऑर्डरचा फोन करताना सरळ विचारायचं, "जेवण कोण करतं?" पुण्यामुंबईत हा प्रश्न आगाऊपणाचा वाटेल, इथं रोजचा आहे. "आमीच करतो" असं उत्तर आलं तर समजा खानावळ. "आचारी आसा" आलं तर हॉटेल. खरं तर बहुतेक ठिकाणी मिसळ असते: रस्सा वहिनींच्या हातचा, पण बांधाबांध आणि भांडी दोन पगारी मुलांकडे. तिथं वहिनींना नमस्कार आणि मुलांना पैसे, इतकं सोपं.

दुसरी पायरी: ऑर्डर नीट द्या

टिपेच्या लेखात हे कशाला, असं वाटेल. पण धड न दिलेल्या ऑर्डरीनं जो त्रास होतो तो पाचशेच्या नोटेनं भरून निघत नाही, म्हणून आधी हेच.

चाळीस माणसांना कोंबडी-वडे द्यायचे म्हणजे माणशी चार धरले तरी एकशे साठ वडे. प्रत्येक वडा हातावर थापायचा. कढईत एका वेळी तीन नाहीतर चार मावतात. म्हणजे कुणीतरी एक माणूस तासाच्या वर उकळत्या तेलासमोर उभा असतो, आणि तेही दुपारच्या गिऱ्हाइकाचं बघता बघता. तुम्ही सकाळी अकराला फोन करून "चाळीस नाही हो, पंचावन्न" म्हणालात तर तिकडे काय होतं याची कल्पना करा. पीठ भिजवलेलं असतं, वाटपाचे नारळ मोजून फोडलेले असतात.

म्हणून दोन दिवस आधी सांगा. अर्धे पैसे आगाऊ द्या. घरातल्या एकाच माणसानं फोनवर बोलायचं. काका एक सांगतात, मेहुणा दुसरं सांगतो आणि पार्सल बांधणाऱ्याची चटणी होते. सोमवार, गुरुवार किंवा संकष्टी असेल तर शाकाहारी किती हे आधी मोजा, कारण ऐन वेळी "सहा जणांचा आज उपास आहे" हे वाक्य कुठल्याच स्वयंपाकघराला आवडत नाही.

आणि मासळीचा हट्ट धरू नका. भाव बंदरावरच्या लिलावात ठरतो, तुमच्या मेन्यूत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत चाळीस ताटांना ताजी सुरमईच हवी म्हणणारा माणूस नवीन आहे हे सगळ्यांना लगेच कळतं. "जो चांगला मिळेल तो घाला" एवढं म्हणा. त्या एका वाक्यानं तुम्हाला मान मिळतो, आणि बहुधा मासाही चांगला मिळतो.

तिसरी पायरी: बिल वाचा

हे पटकन सांगतो. साध्या रेस्टॉरंटच्या बिलावर जीएसटी ५ टक्के: अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. बसून जेवलात तरी तेवढाच, पार्सल नेलंत तरी तेवढाच. कंपोझिशन योजनेतलं, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दरानं स्वतःच कर भरणारं, हॉटेल असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. लहान खानावळी नोंदणीच्या मर्यादेखाली असतात, तिथं तर जीएसटीचा प्रश्नच नाही.

'पॅकिंग' म्हणून डब्यामागं काही रुपये लावले असतील तर ती डब्याची किंमत, बांधणाऱ्याची मजुरी नव्हे. "पॅकिंगचे घेतले की, आता टिप कसली?" असं म्हणणारे बरेच भेटतात. डबे कुणीतरी विकत आणलेले असतात, त्याचे ते पैसे.

'सर्व्हिस चार्ज' ही मात्र वेगळी भानगड. गावातल्या हॉटेलात तो सहसा नसतो, एखाद्या रिसॉर्टच्या बिलावर दिसू शकतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलला सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालता येत नाही, की दुसऱ्या नावाखाली वसूल करता येत नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेल्या, पण २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं त्या सूचना कायम ठेवल्या. बिलात दिसला तर शांतपणे काढायला सांगा. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आणि काढून घेतलात तर त्यातलं काही मुलांच्या हातात ठेवा, नाहीतर नुसता वाचवल्याचा आनंद.

चौथी पायरी: किती?

इथं टक्केवारी विसरा. माझा एक भाचा न्यू जर्सीला असतो. तो आला की बिल हातात घेऊन पंधरा टक्के, वीस टक्के असा हिशेब करायला लागतो. त्याच्याकडे ते बरोबर असेल. तिथल्या केंद्रीय कायद्यात टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं रोख द्यायचं किमान वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरवरच अडकलंय, बाकी टिपेतून भरून निघेल असं धरून. काही राज्यांनी ते वाढवलंय, पण मूळ हिशेब तसा. म्हणजे तिथली टिप हा पगाराचाच तुकडा. आणि गंमत म्हणजे पार्सलला किती द्यायची यावर तिथंही एकमत नाही असं तोच सांगतो. आपल्याकडे पगार गिऱ्हाइकाच्या टिपेवर सोडलेला नाही. तो कमी असतो ही वेगळी तक्रार, पण पगार तो पगार आणि चहाचे पैसे ते चहाचे पैसे.

टक्केवारी इथं न जुळण्याचं दुसरं कारण मासळी. चाळीस पापलेट थाळ्या आणि चाळीस शाकाहारी थाळ्या यांच्या बिलात दुपटीचा फरक पडू शकतो. बांधणाऱ्याचं काम? तेवढंच. पापलेटाचा भाव चढला म्हणून त्याचे हात दुप्पट चालत नाहीत, आणि उसळ स्वस्त म्हणून तिची पिशवी आपोआप बांधली जात नाही. उलट शाकाहारी ताटात वाट्या जास्त.

म्हणून मी ताटावर मोजतो. वीसच्या वर ताटं असतील तर ताटामागं दहा रुपये. चाळीस ताटं, चारशे रुपये. दहा ते वीस ताटांना शंभर-दीडशे पुरे. दहाच्या खाली सक्ती नाही, सुटे परत घेऊ नका म्हणजे झालं. शंभरच्या वर गेलात तर ते पार्सल राहत नाही, तो आचाऱ्याचा कार्यक्रम झाला. त्याचं बोलणं आधीच वेगळं होतं. हा माझा हिशेब आहे, कुणाला पाच रुपये ताट बरं वाटेल, कुणाला पंधरा. पण मोजा ताटावर.

पाचवी पायरी: आधी पार्सल बघा, मग खिशात हात घाला

आगाऊ रकमेबरोबर टिप देऊ नका. मे महिन्याच्या गर्दीत काही लोक पन्नासची नोट आधीच सरकवून आपला नंबर पुढं घेतात. मागं उभ्या असलेल्या म्हाताऱ्या जोडप्याचं पार्सल त्यामुळं अर्धा तास लांबतं. हे चहाचे पैसे नव्हेत.

वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचा आणि बांधणाऱ्याकडे बघत उभे राहा. काम येणारा आणि न येणारा यांतला फरक तिथं दिसतो. गरम वडा थेट डब्यात कोंबला की वाफेनं त्याचं फडकं होतं. जाणता मुलगा वडे आधी परातीत पसरतो, फुगा बसू देतो, मग डब्यात घालून झाकणाचा एक कोपरा उघडा ठेवतो. रव्यातली सुरमई तो कधी रश्श्याच्या पिशवीला टेकवून ठेवत नाही. रस्सा पिशवीत ओतून, वरची हवा दाबून काढून, तोंड पिळून त्यावर दोरा गुंडाळतो आणि एकदा उलटी करून बघतो. सोलकढी बाटलीत, वेगळ्या खोक्यात, गरमपासून लांब. नाहीतर नारळाचा रस घरी पोचेपर्यंत बिघडलेला असतो. एकदा एका मुलानं खोक्यावर पेनानं 'हे वर ठेवा' असं लिहून दिलं होतं. त्याला मी पन्नास जास्त दिले आणि ते पन्नास रुपये मला अजून आठवतात, इतके योग्य जागी गेले.

(शक्य असेल तर रश्श्यासाठी घरचं स्टीलचं पातेलं घेऊन जा. राज्यात २३ मार्च २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, ती कितपत पाळली जाते ते तुम्ही बाजारात बघालच. पण उकळता रस्सा प्लास्टिकमध्ये ओतायचा नाही, एवढं आपल्यापुरतं तरी पाळता येतं.)

मग मोजणी. ताटं मोजा, वडे अंदाजानं, सोलकढीच्या बाटल्या नक्की. एखादी वस्तू राहिली असेल तर तिथंच सांगा. उशीर झाला म्हणून बांधणाऱ्याचे पैसे कापू नका. उशीर कढईवर झालेला असतो, त्याच्याकडे वडे आलेच नसतील तर तो काय बांधणार.

सहावी पायरी: हातात, रोख, आणि उघडपणे

बारशाच्या वेळी मी चुकलो ते इथं. क्यूआर कोड मालकाच्या खात्याचा असतो. वर टाकलेले पैसे त्याच्या खात्यात बिलात मिसळून जातात, मग देणारा विसरतो आणि घेणाराही. मालक वाईट असतो असं नाही, रात्री हिशेब करताना कुणाला आठवणार त्यातले पाचशे कुणाचे.

म्हणून सुटे घेऊन जा. पन्नास आणि शंभरच्या नोटा. बाजारपेठेतून निघतानाच घ्या, कारण देवबागेत नाहीतर एखाद्या वाडीत एटीएम शोधत फिरणं म्हणजे जेवण गार करणं. पाचशेची एकच नोट चौघांना दिली की ती मोडायची कुणी यावरून आत कुजबूज होते.

देताना लपवू नका. "मालक, मुलांना चहाला देतोय हं," असं मोठ्यानं म्हणा. मालकासमोर दिलं की मुलावर उगाच संशय येत नाही आणि मालकालाही वावगं वाटत नाही. मग बांधणाऱ्याला, आणि विचारा, "आत कोण कोण आहे?" आचारी आणि भांडीवाली मावशी कायम विसरली जाते. चाळीस ताटांची परातीपातेली तिच्याच वाट्याला आलेली असतात. चारशेतले शंभर तिला. एखाद्या हॉटेलात गल्ल्यावर डबा असतो आणि महिन्याला सगळ्यांत वाटतात. तसं असेल तर मुलांनाच विचारा की डब्यात टाकू की हातात देऊ. खरं उत्तर मिळतं.

'टिप' हा शब्द वापरायची गरज नाही. "चहा घ्या सगळे" हे पुरतं.

घरगुती खानावळीत काय

बारशाच्या फजितीनंतर शहाणा झालो असं वाटून मी पुढच्या वेळी दुसरी चूक केली. मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला आमच्या वाडीजवळच्या एका खानावळीतून जेवण घेतलं. वहिनींनी स्वतः सगळं केलेलं, काळ्या वाटाण्याची आमटीसुद्धा. मी तीनशे रुपये रोख, हातात, उघडपणे त्यांच्यापुढं धरले. त्यांनी नोटांकडे बघितलं.

"ह्यां कित्याक? बिलात सगळां इलां."

मी आग्रह केला. त्या काही बोलल्या नाहीत, नोटा डब्याखाली सरकवल्या आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मुलगा सायकलवर आला. हातात आमसुलांची पुडी आणि त्यावर घडी केलेले तीनशे रुपये. "आवशीन सांगल्यान, पैशे जास्ती इले."

तेव्हा लक्षात आलं. त्या मालकीण होत्या, आणि मी त्यांना नोकराच्या जागी उभं केलं होतं. आपल्याला घरी जेवायला बोलावणाऱ्या बाईच्या हातात निघताना आपण पैसे ठेवतो का? खानावळ धंदा असला तरी त्या चुलीचा मान घराचा असतो.

मग तिथं काय करायचं? घासाघीस करू नका, हे पहिलं. "चाळीस ताटं घेतोय, काहीतरी कमी करा" म्हणून आठशे रुपये वाचवायचे आणि मग दोनशे टिप द्यायची, यात कुणाचंच भलं नाही. ठरलेले पैसे त्याच दिवशी पुरे द्या. जेवण चांगलं झालं तर दुसऱ्या दिवशी फोन करून सांगा, आणि कुणी काय म्हणालं ते सांगा: आमटी संपली, आजोबांनी दोनदा सोलकढी मागितली. पुढच्या पाहुण्यांना त्यांचा नंबर द्या. लहान मूल असेल तर त्याच्या हातात खाऊ देता येतो, तो कुणी परत पाठवत नाही. बचत गटात पैसे द्यायचेच असतील तर एकीच्या हातात न देता गटाला म्हणून सांगून द्या.

रिक्षावाला

मालवण ते तारकर्ली सहा-सात किलोमीटर. गावात जेवण पोचवणारं अ‍ॅप असेलच असं नाही, मग पार्सल रिक्षानं येतं. त्याचं भाडं आधी ठरवा, आणि हॉटेलसमोर थांबावं लागलं तर त्या वेळेचे पैसे वेगळे द्या. ते भाडंच, चहाचे पैसे नाहीत. रश्श्याचं पातेलं दोन पायांत धरून, खड्डे चुकवत, थेंब न सांडता आणलं असेल तर मात्र वर पन्नास द्यायला मागंपुढं बघू नका. आमच्या पाणंदीतून ते आणणं सोपं नाही.

गणपतीत

चतुर्थीच्या दिवसांत ऑर्डर द्यायची तर दोन गोष्टी ध्यानात घ्या. खानावळीतल्या बायकांच्या घरीही गणपती असतो, आणि मुंबईहून आलेली त्यांचीही दहा-पंधरा माणसं असतात. त्यात तुम्हाला एकवीस उकडीचे मोदक करून देणं म्हणजे स्वतःच्या घरच्या नैवेद्यातून वेळ काढणं. आठवडाभर आधी सांगा, जमणार नाही म्हणाल्या तर दुसऱ्यांदा विचारू नका. हॉटेलातली जी पगारी मुलं घरी न जाता मागं राहिलेली असतात त्यांना नेहमीच्या दुप्पट द्या. ते त्या दिवशी चहाचे पैसे नसतात, सणाचे असतात, आणि कुणी नको म्हणत नाही.

आणि भांडी

खानावळीनं पातेलं, डबे दिले असतील तर दुसऱ्याच दिवशी घासून परत करा. चिंच नाहीतर लिंबू लावून, वास जाईपर्यंत. आणि रिकामं देऊ नका. चार लाडू असोत, झाडाची दोन लिंबं असोत, अगदीच काही नसेल तर मूठभर साखर.

त्या वहिनींकडे मी आता आठ वर्षं पार्सल घेतोय. नोट एकदाही पुढं केली नाही. पुण्याला गेलो की बाकरवडी आणतो आणि त्यांच्या डब्यातून परत पाठवतो. मी पस्तीस ताटं सांगतो, घरी येऊन मोजतो, सदतीस असतात. पहिल्यांदा फोन करून सांगितलं की दोन जास्त आलीत. म्हणाल्या, "कोण तरी अचानक येता. असूंदे."